वर्कशॉपसाठी दणकट फ्लेक्सिबल शाफ्ट मशीन कसं निवडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात डाय (धातूचे साचे) दुरुस्ती आणि पॉलिशचं काम करताना ही मशीनं मी रोज चालवतो, उघडतो, पुन्हा जोडतो. हुपरीचे चांदी कारागीर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले फेटलिंगवाले (ओतीव माल घासून साफ करणारे), लाकडात कोरीवकाम करणारी तरुण मुलं, दगडाच्या मूर्ती घडवणारे शिल्पकार असे सगळे फोनवर फिरून फिरून तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. फ्लेक्सिबल शाफ्ट मशीन म्हणजे नेमकं काय? हातातल्या रोटरी टूलपेक्षा ते वेगळं कशात?

मोटर एकीकडे, काम करणारं टोक दुसरीकडे आणि मधे वाकणारा शाफ्ट. लहान मशीनची मोटर हुकाला लटकते, मोठ्याची स्टँडवर किंवा ट्रॉलीवर असते. शाफ्टची रचना मोटारसायकलच्या स्पीडोमीटर केबलसारखीच आहे. बाहेर आउटर, आत पोलादी तारांचे थर एकावर एक उलटसुलट गुंडाळून केलेलं इनर. फिरतं ते फक्त इनर. त्याच्या टोकाला हँडपीस, म्हणजे हातात धरायचा भाग, आणि हँडपीसमध्ये बर (दातांचं लहान कापणारं टोक), घासायचा दगड किंवा पॉलिशचा बफ.

हातातल्या टूलमध्ये मोटरचं सगळं वजन आणि सगळी उष्णता तुमच्या मुठीत असते. म्हणून कंपनीला मोटर लहानच ठेवावी लागते. इथे मोटरचं वजन हुक पेलतो, त्यामुळे ती हवी तेवढी मोठी करता येते. बारीक कामाचा हँडपीस जाड मार्कर पेनाएवढाच असतो. दिवसभर काम करणाऱ्याच्या मनगटाला हा फरक पहिल्याच संध्याकाळी कळतो.

२. माझ्याकडे ड्रेमेलसारखं टूल आहे. त्यालाच शाफ्टची जोडणी लावली तर भागणार नाही का?

घरगुती आणि अधूनमधूनच्या कामाला भागेल. छोटी पाटी कोरणं, काचेवर नाव घालणं, मॉडेल बनवणं यासाठी वेगळं मशीन घेऊ नका.

वर्कशॉपच्या कामाला मात्र ती जोडणी तोकडी पडते. तिचं इनर बारीक असतं, ३ मिमीच्या आसपासच्या शँकपुढे (शँक म्हणजे बरची दांडी) ती जात नाही आणि टूलची मोटर लहान ती लहानच राहते. अशी मोटर ताकद आणते ती फेऱ्यांमधून. मिनिटाला ३०,००० फेऱ्यांवर ती छान कापते, ६,००० वर आणून दाब दिलात की थांबते. शिवाय जास्त फेऱ्यांवर बारीक शाफ्ट लवकर तापतो. रोज दोन तासांपेक्षा जास्त काम असेल तर वेगळं मशीन घ्या.

३. बजेट ठरलेलं आहे. निवडायला सुरुवात कुठून करू?

टोकापासून. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

दुकानात गेल्यावर बहुतेक जण विचारतात, ‘किती एचपी? किती आरपीएम?’ मोटर निवडून होते, घरी येते आणि मग कळतं की हँडपीसमध्ये आपला बर बसतच नाही, किंवा बसतो पण थरथरतो. मी क्रम उलटा धरतो. आधी बर, मग त्याची शँक, शँकवरून हँडपीस, हँडपीसवरून शाफ्ट आणि सगळ्यात शेवटी मोटर.

कागदावर चार गोष्टी लिहा. कोणता माल कापायचा आहे? आठवड्यात नेहमी लागणाऱ्या बरांपैकी सगळ्यात मोठ्या डोक्याचा व्यास किती? त्याची शँक किती जाड? आणि हात न उचलता सलग किती मिनिटं काम चालतं? या चार ओळींतून मशीन आपोआप ठरतं.

हुपरीच्या कारागिराचे बर एक-दोन मिमी डोक्याचे, शँक २.३५ मिमी, काम थांबत थांबत चालणारं. त्याला लटकणारी लहान मोटर पुरते, पण हँडपीस उत्तम हवा. सागवानात किंवा शिसवीत खोल कोरणाऱ्याला १२ ते २० मिमीचे काटेरी कार्बाइड बर लागतात, शँक ६ मिमी किंवा पाव इंच. त्याला कोलेटचा (शँक सगळीकडून आवळणाऱ्या नळीचा) हँडपीस आणि एक तृतीयांश एचपीची मोटर हवी. बिडाच्या कास्टिंगवरचे फिन्स (कडेला आलेले पातळ पापुद्रे) आठ तास काढणाऱ्याने लटकणाऱ्या मोटरच्या वाटेला जाऊच नये, त्याने थेट प्रश्न १० वाचावा.

माझा आग्रह असा की निदान एक तृतीयांश पैसे हँडपीस आणि चांगल्या बरांसाठी राखून ठेवा. साध्या मोटरवर उत्तम हँडपीस चालवणारा कारागीर मला सुखी दिसतो. उलटी जोडी घेतलेल्यांचे फोन येतात.

४. किती एचपी घ्यावं?

लटकणाऱ्या मोटरींत साधारण तीन पायऱ्या दिसतात: एक अष्टमांश, एक षष्ठांश आणि एक तृतीयांश एचपी. वॅटमध्ये सांगायचं तर सुमारे ९३, १२४ आणि २५०. ही मोटरने बाहेर दिलेली ताकद आहे. खोक्यावर वॅटचा मोठा आकडा असेल तर तो मोटर खाते त्या विजेचा आहे की शाफ्टला देते त्या ताकदीचा, हे विचारून घ्या. बहुतेक वेळा तो खाणाऱ्या विजेचाच निघतो.

एचपी हा फेऱ्या आणि पीळ यांचा गुणाकार आहे. कापताना हाताला जाणवतो तो पीळ, म्हणजे टॉर्क. एक तृतीयांश एचपी १५,००० फेऱ्यांवर धरला तर पीळ येतो सुमारे ०.१६ न्यूटन-मीटर. एक षष्ठांश एचपी १८,००० वर धरला तर ०.०७ च्या खाली. हा कागदावरचा हिशेब आहे, पण मोठा बर लाकडात दाबल्यावर एक मोटर का अडते आणि दुसरी का अडत नाही ते यातून कळतं. आता उभ्या, म्हणजे स्टँडवरच्या, मशीनची १ एचपीची मोटर घ्या, पट्ट्याने ९,००० फेऱ्यांवर नेलेली. तिचा पीळ सुमारे ०.८ न्यूटन-मीटर. ही जातच वेगळी आहे.

दागिन्यांना एक अष्टमांश ते एक षष्ठांश, लाकूड, डाय आणि मध्यम कामाला एक तृतीयांश, फाउंड्री आणि वेल्ड घासायला १ एचपीपासून पुढे. नुसत्या चांदीच्या कामाला एक तृतीयांश घेतला तर बिघडत नाही, पण अंगठी धरलेल्या बोटाजवळ बर अडकला की ती मोटर थांबत नाही, बोट ओढते. जास्त ताकद नेहमी भल्याचीच असते असं नाही.

५. आरपीएम जितके जास्त तितकं मशीन चांगलं का?

नाही. कापण्याचा वेग बरच्या कडेवर मोजायचा असतो. व्यास गुणिले ३.१४ गुणिले फेऱ्या. साध्या पोलादावर कार्बाइड बरसाठी साधारण ३०० ते ६०० मीटर प्रति मिनिट वेग चांगला. १२ मिमीचा बर १२,००० वर सुमारे ४५० मीटर देतो, म्हणजे नेमका मध्यावर. तोच बर ३५,००० वर नेलात तर १,३०० च्या पुढे जाईल: दात जळतील, शँक वाकेल.

आता उलटी बाजू, जी विक्रेते सांगत नाहीत. ३ मिमीचा बर १८,००० वर फक्त १७० मीटर देतो. पोलादाच्या डायमध्ये बारीक कोपरे काढताना तो कापण्याऐवजी उड्या मारतो आणि दात तुटतात. अशा कामाला ४०,००० च्या पुढचा मायक्रोमोटर (लहान मोटर हँडपीसमध्येच असलेलं टूल) किंवा हवेवर चालणारा पेन्सिल ग्राइंडर हवा, फ्लेक्सिबल शाफ्ट नव्हे. चांदी, सोनं, पितळ मऊ असल्यामुळे तिथे हा फरक सोसतो.

दगड आणि चाकांच्या बाबतीत वरची मर्यादा पाळणं जिवाचा प्रश्न आहे. २५ मिमीचा माउंटेड पॉइंट (दांडीवर बसवलेला घासायचा दगड) १५,००० वर सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावतो. त्यावर किंवा पाकिटावर लिहिलेले कमाल आरपीएम ओलांडू नका. आणखी एक: तो आकडा शँक किती बाहेर ठेवली आहे त्यावर ठरतो, सहसा १३ मिमी धरून. लांब पोचायला शँक ३०-४० मिमी बाहेर काढलीत तर सुरक्षित फेऱ्या झपाट्याने खाली येतात. शँकचा निदान दोन तृतीयांश भाग कोलेटमध्ये हवा.

६. हँडपीसचे इतके प्रकार आहेत. पहिला कोणता घ्यावा?

तीन घराणी आहेत.

चावीने आवळायचा तीन जबड्यांचा चक सगळ्यात सोयीचा. ० ते ४ मिमीपर्यंत कोणतीही शँक धरतो. ड्रिल, बर, रबर व्हील, सँडपेपरची दांडी सगळं चालतं. म्हणून मशीनबरोबर बहुधा हाच येतो. पण जबडे तीन ठिकाणीच धरतात, त्यामुळे आडवा दाब आला की टोक किंचित भटकतं. जबड्यांचा घेर बोटांच्या पुढे फिरतो, त्यामुळे पेनासारखं अगदी जवळ धरता येत नाही.

कोलेटचा हँडपीस शँकला सगळीकडून मिठी मारतो. आडवा दाब, मोठं डोकं, अचूक काम यासाठी हाच. प्रत्येक मापाला वेगळा कोलेट लागतो, हा त्याचा एकमेव त्रास. ६ मिमीची शँक असेल तर दुसरा पर्यायच नाही. रिकामा कोलेट कधीही घट्ट आवळू नका, तो आक्रसून बसतो.

तिसरा खटका दाबून बर बदलायचा. २.३५ मिमी शँकपुरता, बारीक, हलका. दागिन्यात खडे बसवताना मिनिटाला बर बदलावा लागतो, तिथे याने वेळ वाचतो. याची बेअरिंग नाजूक असतात. यावर मोठा बफ लावून दाबणाऱ्याला मी हात जोडून थांबवतो.

मिश्र काम असेल तर पहिला कोलेटचा घ्या, चावीचा मशीनबरोबर मिळतोच. हातोडी हँडपीसबद्दल प्रश्न १९ पाहा.

७. ६ मिमी आणि पाव इंच एकच ना? दुकानदार म्हणतो चालतं.

चालत नाही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. आपल्याकडे आणि युरोपात बरची शँक ६ मिमी असते, अमेरिकी मालाची पाव इंच. अमेरिकी हँडपीसमध्ये पाव इंचाचा कोलेट असतो आणि आपण त्यात ६ मिमी आवळतो. कोलेट जेवढा आक्रसायला हवा त्यापेक्षा जास्त आक्रसतो, कडेवर धरतो आणि बर मध्यापासून सरकतो. १५,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २५० वेळा तो ठोके देणार.

घाईत मी स्वतः हे एकदा केलं आहे. पेडल दाबलं, दुसऱ्या सेकंदाला शँक गुडघ्यासारखी वाकली आणि बर खांद्याजवळून मागच्या भिंतीवर जाऊन आपटला. चष्मा होता, पण तो बर चष्म्याने अडवण्यातला नव्हता. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर व्हर्नियर कायम उघडा असतो.

असाच घोळ ३ मिमी आणि एक अष्टमांश इंच (३.१७ मिमी) यांत होतो. चावीच्या चकात दोन्ही बसतात, कोलेटमध्ये नाही.

८. एका कंपनीचा हँडपीस दुसऱ्याच्या शाफ्टला बसतो का?

बऱ्याचदा बसतो, पण टोक पाहून घ्या. अमेरिकेतली फोरडॉम कंपनी १९२२ पासून या धंद्यात आहे. तिच्या शाफ्टच्या टोकाला किल्लीसारखी चपटी जीभ असते. बाजारातल्या असंख्य लटकणाऱ्या मशीनांनी तीच पद्धत उचलली, म्हणून त्यांचे हँडपीस बहुधा एकमेकांत बसतात. दुसरी पद्धत खाचेच्या जोडाची, ती यात बसत नाही. तिसरी चौकोनी टोकाची, एक तृतीयांश एचपीसारख्या जड मोटरींवर येते.

जीभ खाचेत गेली म्हणजे झालं असं नाही. इनर आउटरच्या बाहेर किती डोकावतं ते मोजा. नेहमीच्या जिभेच्या शाफ्टमध्ये ते साधारण १९ मिमी असतं. जास्त असेल तर हँडपीसच्या बेअरिंगवर सतत रेटा बसतो, कमी असेल तर जीभ अर्धीच पकडते आणि झिजते.

९. पायाचं पेडल घ्यावं की डायल? पंख्याचा रेग्युलेटर जोडला तर?

हात दोन्ही कामात असतील तर पेडल. सोनारकाम, खडे बसवणं, कोरीवकाम यांत वेग क्षणाक्षणाला बदलतो. पाय उचलला की मशीन थांबतं, हीच मोठी सुरक्षा. एकाच वेगाने अर्धा-अर्धा तास घासायचं असेल तर डायल बरा, पोटऱ्या दुखत नाहीत. पेडल धातूच्या आवरणाचं घ्या. वर्कशॉपच्या जमिनीवर प्लॅस्टिकचं फार टिकत नाही.

पंख्याचा रेग्युलेटर लावू नका. तो पंख्याच्या लहानशा करंटसाठी असतो. मोटर अडल्यावर जो करंट खेचते त्याने तो जळतो, कधी अडकून पूर्ण वेगाने सुटतो. आणि उभ्या मशीनच्या इंडक्शन मोटरवर कुठलंही पेडल किंवा डिमर चालत नाही, पेडलसाठी कार्बनची (कार्बन ब्रशची) मोटरच हवी. इंडक्शन मोटरचा वेग पायरीच्या पुलीने बदलतात. थ्री-फेज असेल तर व्हीएफडीने (विजेची फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणारं यंत्र).

१०. आमच्याकडे काम दिवसभर सलग चालतं. लटकणारी मोटर टिकेल का?

नाही टिकणार, आणि त्यात मोटरचा दोष नाही. लटकणारी मोटर कार्बन ब्रशची, बहुधा मिक्सरसारखी युनिव्हर्सल मोटर असते. तिला थंड ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. तुम्ही कमी वेगावर जास्त दाब देता तेव्हा ती सगळ्यात जास्त तापते आणि नेमका तेव्हाच पंखा सगळ्यात हळू फिरतो. त्यामुळे आर्मेचर (मोटरचा आतला फिरता भाग) जळतात ती बहुतेक संथ, जड कामात. पूर्ण वेगावर हलक्या हाताने चालवलेली मोटर वर्षानुवर्षं जाते. तुमचं काम नेहमीच ५,००० च्या खालचं असेल तर मुळात कमी फेऱ्यांची, जास्त पिळाची मोटर घ्या, जलद मोटर पायाने दाबून संथ करू नका.

सलग आठ तासांसाठी उभं मशीन: १ किंवा २ एचपीची इंडक्शन मोटर, २,८०० फेऱ्या, पुढे पट्टा आणि पायरीच्या पुलीने हव्या त्या फेऱ्या. कार्बन नाही, त्यामुळे झिजायला फार काही नाही. शाफ्ट चांगला जाड, हँडपीस जड. बारीक काम यावर होत नाही.

आणखी दोन पर्याय प्रामाणिकपणे सांगायला हवेत. हातातला इलेक्ट्रिक डाय ग्राइंडर, ६ मिमी कोलेट, २५,००० ते ३०,००० फेऱ्या. किमतीच्या मानाने कापतो भरपूर, पण हाताला जड आणि थरथर भरपूर. दुसरा हवेवरचा डाय ग्राइंडर. हलका, अडला तरी जळत नाही. मात्र हवा इतकी पितो की गॅरेजमधला छोटा कॉम्प्रेसर त्याला सतत पुरत नाही. मोठा कॉम्प्रेसर आधीच बसवलेला असेल तर फेटलिंगला मी हाच सुचवतो.

११. शाफ्ट किती लांब घ्यावा आणि मोटर कुठे लटकवावी?

लागेल तेवढाच लांब. प्रत्येक जादा फुटामागे घर्षण वाढतं. लटकणाऱ्या मशीनला साधारण एक मीटरचा शाफ्ट बसून करायच्या कामाला पुरतो.

हुकाची उंची अशी ठेवा की मोटर लटकवून शाफ्ट सोडला तर हँडपीस टेबलाच्या जरा वर येऊन थांबेल. काम करताना शाफ्टला एकच मोठं वळण पडलं पाहिजे. त्याचा ‘एस’ झाला तर हुक चुकीच्या जागी आहे. वळणाची त्रिज्या वीतभरापेक्षा, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरपेक्षा, कमी होऊ देऊ नका. हँडपीसच्या अगदी मागे शाफ्ट काटकोनात मोडणं ही सगळ्यात नेहमीची चूक. मोटर हुकावर मोकळी फिरू द्या, भिंतीला घट्ट बोल्ट मारू नका.

१२. हँडपीस हाताला चटका लागेल इतका तापतो. खराब झाला का?

आधी नवं मशीन आहे का ते सांगा. नवा शाफ्ट पहिले काही तास कोमट होतोच. तो मध्यम वेगावर, दाब न देता थोडा वेळ फिरवून घ्या.

जुना असेल तर कुठे तापतो ते हाताने चाचपा. शाफ्टच्या मधल्या भागात ऊब असेल तर वळण आवळलेलं आहे किंवा ग्रीस सुकलं आहे. फक्त हँडपीस तापत असेल तर तीन शक्यता. इनर जास्त बाहेर आहे (प्रश्न ८), बेअरिंग गेलं आहे, किंवा शाफ्टमध्ये ग्रीस ठासून भरल्यामुळे ते हँडपीसमध्ये उतरलं आहे. मशीन बंद करून प्लग काढा, हँडपीस सोडवा आणि बोटांनी फिरवून बघा. खरखर लागली तर बेअरिंग. काळपट चिकट ग्रीस आलं असेल तर ते पुसा, हँडपीस फेकू नका. शंका मोटरवर असेल तर शाफ्ट पूर्ण काढून नुसती मोटर चालवून तिचा आवाज ऐका.

१३. देखभाल काय आणि किती दिवसांनी?

दर ५० तासांनी इनर बाहेर ओढा, रॉकेलच्या फडक्याने पुसा, बोटाने शाफ्ट ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि परत घाला. पातळ म्हणजे चपातीला तूप लावतो तेवढं. एखादी तार सुटलेली दिसली तर इनर बदला. तुटलेली तार आउटरला आतून किसते आणि मग दोन्ही जातात.

कार्बन दोन-तीन महिन्यांनी पाहा. ६ मिमीच्या आसपास उरले की दोन्ही एकदम बदला आणि नवे कार्बन रिकाम्या मोटरवर थोडा वेळ फिरवून कम्युटेटरवर (कार्बन ज्यावर घासतात ते तांब्याचं कडं) बसू द्या. कम्युटेटरवर बारीक निळसर ठिणग्या चालतात. सगळ्या गोलाईवर आगीचं कडं दिसलं तर मशीन बंद करा.

१४. रिव्हर्सचं बटण आहे. उलटं फिरवलं तर काही बिघडतं का?

हलक्या कामाला नाही. डावखुऱ्याला किंवा बफची घाण स्वतःपासून दूर उडवायला ते उपयोगी आहे. पण इनरचा सगळ्यात बाहेरचा थर असा गुंडाळलेला असतो की सरळ फिरताना तो आवळतो. उलट फिरला की तो उकलतो, फुगतो आणि आउटरला घासतो. म्हणून रिव्हर्समध्ये जड दाब देऊ नका. शिवाय नेहमीचे बर उजवे कापणारे असतात, उलटे कापत नाहीत. स्क्रूच्या दांडीवर लावलेली चकती उलट फिरताना सुटून उडू शकते.

थ्री-फेजच्या उभ्या मशीनवर हाच प्रश्न न विचारता येतो. मशीन दुसऱ्या शेडमध्ये नेलं, प्लग लावला, तिथे फेजचा क्रम उलटा आहे. मोटर मजेत फिरते, पण उलटी. आट्यांचा जोड सुटायला लागतो आणि इनर उकलतं. लोक म्हणतात, ‘नवा शाफ्ट आठवड्यात गेला.’ जागा बदलली की शाफ्ट जोडण्याआधी नुसती मोटर क्षणभर चालू करून बाणाशी दिशा ताडून घ्या. उलटी असेल तर इलेक्ट्रिशियनकडून कोणत्याही दोन फेज आपसात बदलून घ्या.

१५. भाऊ अमेरिकेत आहे, तो मशीन आणतो म्हणतो. इथे चालेल?

तिथलं मशीन ११५ व्होल्टचं, आपली वीज २३० व्होल्ट. थेट लावलं तर मोटर आणि पेडल दोन्ही जळतील. त्याला सांगा, त्याच मॉडेलचं २३० व्होल्टचं रूप मिळालं तरच आण. ५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाची काळजी नको, कार्बनच्या मोटरला तो बाधत नाही.

आधीच आणलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. एक तृतीयांश एचपीसाठी मी १,००० व्हीएचा सुचवतो आणि पेडलसकट सगळं ट्रान्सफॉर्मरच्या पुढे जोडा. प्रवासात वापरायचे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर या कामाचे नाहीत. हँडपीस एकटा आणायला मात्र काहीच हरकत नाही. कोलेट ६ मिमी आणि ३ मिमीचे मागवायला विसरू नका (प्रश्न ७).

१६. आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. मशीनला धोका आहे का?

कार्बनच्या मोटरला फारसा नाही, ती मंद होते इतकंच. दाब कमी करा. इंडक्शन मोटरला धोका आहे. व्होल्टेज पडलं तरी ती फेऱ्या राखायचा प्रयत्न करते, जास्त करंट खेचते आणि वाइंडिंग तापतं. तिच्यावर ओव्हरलोड रिले हवाच. साध्या चौकोनी लहरीच्या घरगुती इन्व्हर्टरवर इलेक्ट्रॉनिक पेडल नीट वागत नाही, झटके देतं. चालवायचंच असेल तर शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर.

१७. जुनं मशीन स्वस्तात मिळतंय. काय तपासू?

इनर बाहेर काढून बघा, मोटरचे कार्बन काढून बघा, हँडपीसमध्ये सरळ दांडी धरून फिरवा आणि टोक किती डगमगतं ते पाहा. मोटरचा दांडा हाताने आडवा हलवा, ढिला लागला तर बेअरिंग गेली आहेत. शाफ्ट आणि हँडपीस झिजणारे भाग आहेत, ते गेलेले असले तरी सौदा सोडू नका, किंमत कमी करून घ्या. आर्मेचरला जळका वास असेल तर सोडून द्या.

१८. हातमोजे घालावेत का? धुळीचं काय?

कापडी किंवा ढगळ हातमोजे घालू नका. फिरणारं टोक धागा पकडतं आणि हात आत ओढतं. ओढणी, गळ्यातली माळ, मोकळे केस, लांब बाही यांचंही तेच. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा, मोठ्या बरला पूर्ण चेहऱ्याची ढाल.

धुळीच्या बाबतीत मी कुणाचीही गय करत नाही. दगड आणि फाउंड्रीची वाळू यांत सिलिका असते. तिचा बारीक कण फुप्फुसात राहतो आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल तो कण अडवत नाही. चांगला एन-९५ मास्क किमान पाहिजे, त्यासोबत धूळ ओढणारं यंत्र किंवा पाणी (प्रश्न २०). लाकडाची आणि शिंपल्याची धूळही निरुपद्रवी नाही.

बोटं बधिर होणं, थंडीत पांढरी पडणं ही थरथरीची खूण आहे. वाकडा बर आणि झिजलेलं बेअरिंग लगेच बदला आणि दर अर्ध्या तासाने हात सोडा.

१९. खडे बसवायचा हातोडी हँडपीस कुठल्याही मोटरवर चालतो का?

बसतो बऱ्याच मोटरींवर, पण ५,००० फेऱ्यांच्या वर नेऊ नका, आतली यंत्रणा फुटते. १८,००० च्या मोटरवर पाय चुकून पूर्ण दाबला गेला की तो क्षणात तिथे पोचतो. म्हणून रोज याच कामाला बसणाऱ्याने कमी फेऱ्यांची वेगळी मोटर घ्यावी, किंवा पेडलखाली लाकडाची चीप ठेवून त्याचा खाली जाण्याचा मार्ग अडवावा. मी स्वतः चीपच वापरतो.

२०. दगड किंवा काच पाण्याखाली कोरायची आहे. वीज आणि पाणी एकत्र चालेल का?

मोटर दूर आणि उंच असल्यामुळे या कामात फ्लेक्सिबल शाफ्ट हातातल्या टूलपेक्षा खूप सुरक्षित आहे. तरीही तीन अटी. मशीनला खरी अर्थिंग आणि बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). मोटर पाण्याच्या थेट वर लटकवायची नाही. आणि पेडल ओल्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर.

हँडपीसची काळजी वेगळी. टोक नेहमी खाली झुकलेलं ठेवा. टोक वर झालं की पाणी शँकवरून आत उतरतं, बेअरिंग गंजतात आणि दुसऱ्या दिवशी हँडपीस किरकिरतो. पाण्यात बुडवायचा तो फक्त डायमंड बर, चकचं तोंड नाही. शँकवर रबराची छोटी चकती सरकवून ठेवली तर चढणारं पाणी तिथेच झटकलं जातं. काम संपल्यावर हँडपीस कोरडा पुसा, मिनिटभर रिकामा फिरवा आणि टोक खाली करून टांगून ठेवा. ओल्या कामाला एक जुना हँडपीस वेगळाच ठेवलात तर सगळ्यात उत्तम. त्याच्या बेअरिंगचा नंबर लिहून घ्या, जोडी आधीच आणून ठेवा.